गाठोडं न सोडता छापलेली रेघ

नातीच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्यात डोकवायची मला वाईट खोड आहे. ती आकड्यांची चित्रं काढते, म्हणजे चित्रं काढणारा कोड लिहिते. नोकरी नांदेडची, पण बसते घरातच, माझ्या पलंगाशेजारच्या टेबलाशी. दहा-बारा ओळी लिहिल्या की तिचं बोट वर उचललं जातं, आता चित्र पडद्यावर उमटवणार, तेवढ्यात मी म्हणते, "थांब. आधी उघडून दाखव."

"आजी, काही नाही गं त्यात. चार्ट ऑब्जेक्ट आहे. उमटला की दिसेलच."

"उमटल्यावर सगळंच देखणं दिसतं. उमटायच्या आधी दाखव."

मग ती कपाळाला हात लावते, एक जास्तीची ओळ लिहिते आणि त्या ऑब्जेक्टच्या पोटातलं सगळं बाहेर ओतते. शीर्षक, बिंदू, आडवा अक्ष, उभा अक्ष, रंग, खुणा, आणि कुणी न बोलावता आपोआप येऊन बसलेल्या पंधरा-वीस गोष्टी. मी चष्मा लावून एकेक वाचते. माझा डोळा त्या न बोलावलेल्यांवर असतो. आपण घातलेली वस्तू आपल्याला ठाऊक असते. न घालता आत निघाली, तर ती कुठून आली हे विचारायला नको?

नात म्हणते, आजी जन्माची संशयी आहे. साफ खोटं. माझा संशय एका शनिवारी सुरू झाला. त्याच्या आधी माझ्या जागी एक महाशहाणी बाई राहायची. वय सव्वीस, साडीला खळ, केसात पिना, आणि यंत्र चुकत नाही असा ठाम विश्वास. तिला मी फार जवळून ओळखते, म्हणूनच तिची बाजू घ्यायचा माझा मुळीच इरादा नाही.

लातूर तेव्हा नवा जिल्हा होता. म्हणजे होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण सगळे नवाच म्हणायचे. मी ज्या कचेरीत आकडेमोडीला होते तिथल्या कपाटांवर जुन्या जिल्ह्याचं नाव रंगवलेलं होतं आणि त्यावर नव्याचा कागद चिकटवलेला. उन्हाळ्यात खळ वाळली की कागद गळून पडायचा आणि आम्ही परत जुन्या जिल्ह्यात जायचो. त्यात दोन पावसाळे कोरडे गेलेले. गावोगावचे टँकरसाठीचे अर्ज पोत्यांनी यायचे, आणि कुठला खरा, कुठला फुगवलेला, हे ठरवता ठरवता साहेबांचं डोकं उठायचं. प्रत्येक अर्जाकडे ते असे बघायचे, जणू तो त्यांच्या खिशात हात घालणार आहे.

अशात कचेरीत एक संगणक आला आणि तो शिकायला मला दीड महिना नांदेडला धाडलं. मावशीकडे राहिले. शिकवणाऱ्या सरांनी तक्ते छापायचा एक प्रोग्राम स्वतः लिहिला होता. त्यांची रीत सोपी होती. तक्ता छापायच्या आधी त्याचं एक गाठोडं बांधायचं. गाठोड्यात शीर्षक, बिंदू, दोन्ही अक्ष आणि कसं छापायचं त्याच्या सूचना. गाठोडं पुरं झालं की शेवटचा हुकूम द्यायचा, मग प्रिंटर करकरत फुल्याफुल्यांची रेघ काढायचा. सर रोज बजावायचे, "छापायच्या आधी गाठोडं सोडून बघत जा. त्याचा वेगळा हुकूम दिलाय तुम्हाला." महाशहाणीनं ते वहीत लिहून घेतलं, खाली लाल शाईनं दोन रेघा मारल्या, आणि ते पान पुन्हा उघडलं नाही.

परत येताना फ्लॉपी मी खणाच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर धरली होती. लोह्याला गाडी थांबली तेव्हा शेजारी एक बाई भाजीची पाटी घेऊन बसली. म्हणाली, "काय हाय ओ त्यात? परसाद का?"

"यंत्राचं ज्ञान आहे," मी म्हणाले.

ती जरा सरकून बसली. तिला वाटलं असेल, कुणी अंगारा-बिंगारा घेऊन चाललीये. मी मात्र लातूरपर्यंत मान ताठ ठेवून आले. दुसऱ्या दिवशी मानेला तेल लावावं लागलं.

काम असं होतं. बारा गावं, प्रत्येक गावची पिण्याची एक विहीर. कोतवालानं दर आठवड्याला विहिरीत दगड बांधलेला दोर सोडायचा, काठापासून पाण्यापर्यंत किती हात दोर कोरडा राहिला ते मोजायचं, आणि तो आकडा कागदावर आमच्याकडे यायचा. आता कोरडा दोर वाढला की पाणी कमी, हे साहेबांना दर वेळी समजावून सांगावं लागलं असतं. म्हणून मी अक्कल चालवली. विहिरीच्या पूर्ण खोलीतून कोरडा दोर वजा करायचा आणि राहिलेलं पाणी गाठोड्यात भरायचं. पाणी खाली तर रेघ खाली. इथवर मी खरोखर हुशार होते, हे नोंदवून ठेवते, कारण पुढे संधी नाही.

साहेब म्हणाले, "बाई, मला कडेचे आकडे नकोत. लांबून रेघ दिसली पाहिजे. वर गेली का खाली गेली, बस्स." मी अक्षावरचे आकडे काढून टाकले आणि त्या जागेत शीर्षक मोठं केलं, वर आणि खाली फुल्यांची वेलबुट्टी.

अकरा गावांची गाठोडी मी पहिल्यापासून बांधली. बारावं गाव देवणीकडचं, बैलांमुळे नाव झालेली तीच देवणी. त्याचे आकडे उशिरा आले, शुक्रवारी दुपारी, मी उठायच्या बेतात असताना. नांदेडच्या सरांचं नमुन्याचं गाठोडं फ्लॉपीत तयार होतं. मी त्याचीच नक्कल उचलली, नाव बदललं, बिंदू बदलले, कडेचे आकडे काढून वेलबुट्टी चढवली, झालं. चार मिनिटांत! ती चार मिनिटं मी आख्ख्या कचेरीला ऐकवली.

छापून आलं ते बघून माझे डोळे चमकले. अकरा गावांच्या रेघा खाली घसरत चाललेल्या, आणि देवणीकडच्या गावाची रेघ टुणटुणीत वर. आजूबाजूच्या विहिरी आटतायत आणि ह्यांच्या विहिरीला पाणी चढतंय, वर टँकर मागतायत! चोर सापडल्यावर होतो तसा आनंद मला झाला. साहेबांनाही झाला. "बघा," ते म्हणाले, "अर्ज लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं, पण आकड्यांनी पोल खोलली." बुधवारपासून त्या गावचा टँकर बंद.

घरी मी हे जेवताना रंगवून सांगितलं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या माझा डबा रोज सकाळी झाकण लावायच्या आधी पुन्हा एकदा उघडून बघायच्या, स्वतःच भरलेला असला तरी. ऐकून म्हणाल्या, "तू ती विहीर बघितलीस का?"

"बघायला कशाला पाहिजे, आत्याबाई? यंत्रात सगळं येतं."

"पाणी येतं का?"

मी भाकरी मोडली. मनात म्हणाले, अडाणी बाई.

पुढचा शनिवार. बारा वाजता साहेबांची बैठक असायची, तिच्यात पुढच्या आठवड्याचे टँकर ठरायचे. देवणीकडचा सुटलेला टँकर त्या दिवशी दुसऱ्या गावाला लिहून द्यायचा होता. एकदा दिला की तो पावसाळ्यापर्यंत परत मिळणार नव्हता, टँकरच तेवढे नव्हते.

साडेदहाला संगणकाच्या खोलीच्या दाराशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. आत चपला नेऊ देत नसत, म्हणून त्यानं बाहेर काढून ठेवल्या होत्या. खांद्यावर अंबाडीच्या दोराचं भलं मोठं वेटोळं.

"रेघावाल्या बाई तुमीच का?"

"काय काम आहे?"

"मी कोतवाल, देवणीकडला. बुधवारपासून टँकर न्हाई आमच्यात. गाव म्हणून राहिलंय, कोतवालानं आकडे विकले. दुसऱ्या गावाचं खाल्लं आन् आपलं पाणी दिलं. माझ्या दारावरून बाया तोंड सोडून जाऊन राहिल्यात. माझ्या घरची घागर कुणी भरू देईना. म्हणून म्हटलं, दोरच दाखवावा."

"दोर बघून काय करू मी?"

"आकडे दोरातच हायेत की. मला लिहाया कुठं येतं? मी दर सोमवारी मोजतो, पाणी जिथं लागलं तिथं चिंधी बांधतो. कागदावर लिवणारा दुसरा."

त्यानं न विचारता खिडकीच्या वरच्या गजाला दोराचं टोक बांधलं आणि बाकीचा खाली सोडला. वेटोळं जमिनीवर पडलं तसं ते सरळ करत करत तो व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत गेला. दोरावर नऊ चिंध्या, आठ तक्त्यातल्या आठवड्यांच्या आणि एक ह्या सोमवारची. सगळ्यात आधीची काठाच्या जवळ, मग तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. एकेक आठवड्याची एकेक पायरी, खालीच चाललेली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. महाशहाणी म्हणाली, "ह्या चिंध्या काल घरी बसून बांधल्या नसतील कशावरून?"

मला वाटलं तो चिडेल. तो नुसता जवळ आला. "वरची बघा, बाई. हात लावून बघा."

मी हात लावला. कापड उन्हानं इतकं जळालं होतं की बोटांत चुरलं. तिसऱ्या-चौथ्या चिंधीला थोडा रंग होता. शेवटची हिरवीगार, नुकती फाडलेली.

"आठ हप्त्यांचं ऊन मी एका रातीत कुठून आणू?" तो म्हणाला.

मी आत येऊन खुर्चीवर बसले. गाठोड्यातले बिंदू पडद्यावर मागवले. आठ बिंदू, गावच्या कागदावरून मीच वजाबाकी करून भरलेले. एकेक ताडून पाहिला. बरोबर होते. आणि घसरत होते! दर आठवड्याला पाणी कमी. समोर माझाच छापलेला तक्ता, त्यावर रेघ वर. आकडे खाली, रेघ वर, दोघांच्या मध्ये मी.

मग मी संशयाला मोकळं रान दिलं. पहिला संशय प्रिंटरवर, कागद उलटा ओढला असेल. मग शाईच्या फितीवर. मग पलीकडच्या खोलीतल्या बड्या बाबूंवर, ज्यांना माझं नांदेडला जाणं सहन झालं नव्हतं. शेवटी खुद्द सरांवर, की प्रोग्रामच सदोष देऊन मला फशी पाडलं. कोतवाल दाराच्या उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून हे बघत होता. मी आपल्याशीच बडबडत असणार, कारण त्यानं विचारलं, "हे सामान तुमचंच का दुसऱ्याचं आणलंय?"

"नांदेडहून आणलंय. नमुना होता, त्यातच आपल्या गावाचं भरलं."

"मंग झटकून घेतलं का आधी?"

"म्हणजे?"

"दुसऱ्याचा पोहरा आणला की मी उलटा करून झटकतो. लई वेळा आत इंचू ऱ्हातो."

मला राग आला. यंत्रात विंचू! पण घड्याळात सव्वाअकरा झाले होते आणि मला दुसरं काही सुचण्यासारखं उरलं नव्हतं. वहीतलं ते लाल रेघांचं पान काढलं. हुकूम दिला. गाठोडं सुटलं आणि ओळीमागून ओळ पडद्यावर उतरू लागली. शीर्षक, माझं. बिंदू, माझे. आडवा अक्ष, आठवडे, ठीक. पानाची रुंदी, सरांची. खुणेचं अक्षर, सरांचं. उभा अक्ष, आणि त्याच्या पुढे सरांनी रोमन लिपीत पण मराठीत लिहिलेली एक ओळ. उलट, होय.

विंचू बसला होता.

सरांच्या नमुन्यातली विहीर कोरड्या दोरानं मोजलेली होती. त्यांनी आकडे तसेच ठेवले आणि अक्ष उलटा केला, शून्य वर, म्हणजे जमीन वर आणि पाणी खाली दिसावं. अगदी बरोबर. मी आकडेच वजाबाकी करून सुलटे केले होते. तेही बरोबर. पण मी सुलट करून भरलेलं त्यांच्या गाठोड्यानं पुन्हा उलटं केलं. अकरा गावं मी स्वतः बांधली म्हणून वाचली. ह्या एका गावाचं मी चार मिनिटांत केलं. कडेचे आकडे असते तर शून्य डोक्यावर बसलेलं कुणालाही दिसलं असतं. तिथं मी वेलबुट्टी काढली होती.

मी त्या ओळीत होयचं नाही केलं. शेवटच्या हुकुमावर बोट ठेवलं आणि लाईट गेले.

पावणेबारा. तेव्हा लाईट गेले की दोन-दोन तास येत नसत. कोतवालानं अंधारलेल्या पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मेलं का?"

"झोपलंय," मी म्हणाले. "चला, दोर गुंडाळा."

साहेबांच्या खोलीत सात-आठ माणसं बसली होती. मी आत शिरले, माझ्यामागून अनवाणी कोतवाल, त्याच्यामागून दोराचं लोंबणारं टोक. साहेब म्हणाले, "बाई, हे काय?"

"साहेब, देवणीकडच्या गावाचा तक्ता चुकला. टँकर दुसरीकडे लिहू नका."

"म्हणजे? तुम्हीच तर म्हणालात, यंत्र चुकत नाही."

"यंत्र नाही चुकलं. मी चुकले."

हे वाक्य म्हणायला मला किती वेळ लागला ते विचारू नका. कुणीतरी मागे खाकरलं, बहुतेक बडे बाबू.

"नवा तक्ता कुठंय?"

"लाईट नाहीत." मग मला सुचलं. मी तोच जुना तक्ता घेतला, त्याची पाठ साहेबांकडे केली, वरची बाजू खाली धरली आणि खिडकीच्या काचेला लावला. बाहेर मे महिन्याचं ऊन. पातळ कागदातून फुल्या आरपार दिसल्या. शीर्षक पालथं पडलं होतं, वेलबुट्टीसकट, आणि रेघ वरून खाली उतरत होती. शेजारी कोतवालानं दोर धरला. त्याच्या चिंध्याही तशाच उतरत होत्या, सावकाश, मग एकदम, मग पुन्हा सावकाश.

साहेब खुर्चीवरून उठले. जवळ येऊन त्यांनी पहिल्या चिंधीपासून शेवटच्या चिंधीपर्यंत बोट नेलं, मग कागदावरून नेलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या दिवसापासून ते माझ्याकडे अर्जांसारखेच बघू लागले.

"बाकीची अकरा?"

"सोडून बघते, साहेब. एकेक."

"बघाच. आणि सोमवारी ह्यांच्या टँकरबरोबर जा. विहीर डोळ्यानं बघून या. मला आता तुमच्या रेघेचा भरवसा नाही."

टँकर राहिला. पण कोतवालाचं तेवढ्यानं भागेना. व्हरांड्यात आल्यावर म्हणाला, "पाणी मिळालं, ते झालं. पर माझं काय? मी गावात जाऊन सांगितलं की बाईची चूक होती, तर कोण ऐकून राहिलंय? म्हणतील, ह्यानंच बाईला पटवलं. तुमी सांगा. सगळ्यांच्या म्होरं."

सोमवारी मी टँकरच्या केबिनमध्ये बसून गेले. खळीची साडी उदगीरच्या अलीकडेच मऊ पडली. विहिरीपाशी घागरींची रांग अशी लागली होती की पहिली घागर कुणाची हे बायकांनाही सांगता आलं नसतं. मी उतरले तशा सगळ्या माना वळल्या. एक म्हातारी, बोळकं तोंड, डोईवर पदर, माझ्याकडे खालून वर बघत म्हणाली, "हीच का ती, पाणी बंद करणारी? लई बारीक हाय गं. मला वाटलं मोठी असंल."

"मावशी, चूक माझी होती," मी म्हणाले. "कोतवालांनी आकडा खरा दिला होता. सगळेच्या सगळे आठही. मी छापताना उलटे छापले."

"उलटे कसं काय छापतात?"

"न बघता," मी म्हणाले.

रांगेत हशा पिकला. कोतवाल हसला नाही. त्यानं खांद्यावरचा दोर काढला आणि माझ्या हातात दिला. "आज सोमवार हाय. तुमीच मोजा."

मी काठावर ओणवी झाले. दोर सोडत गेले, सोडत गेले. चिंध्या एकेक करून माझ्या बोटांतून खाली गेल्या, हिरवी आधी, जळालेली शेवटी. जळालेली गेली तरी दोर जातच होता. मग खाली काहीतरी मऊ लागलं. वर ओढला तर दगडाला चिखल, आणि दोर ओला किती, तर माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत. आठ आठवड्यांचं हे मी चार मिनिटांत बिंदू म्हणून भरलं होतं.

कोतवालानं चिंधीसाठी हात पुढे केला. माझ्या पिशवीत फ्लॉपीचा खण होता, तो मी अजून जपून बाळगायची. त्याची कड दातानं फाडली आणि ओलं जिथं सुरू झालं तिथं बांधली. म्हातारी जवळ येऊन वाकून बघत होती.

"चिंधी भारीतली हाय," ती म्हणाली. "गाठ बघू दे."

तिनं गाठ ओढून पाहिली. मग कोतवालाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "ये रे, तुझ्या घरची घागर आण, लाव रांगेत," म्हणाली, आणि पुन्हा माझ्याकडे.

"आन् तू, माय, आणिक एकदा मोज. तुझं पहिल्या बारीचं आमी धरत न्हाई."

मी दोर पुन्हा विहिरीत सोडला.